युरिडियम: सहा महिने रोज खेळल्यावर

ऑफिसातून आलं की जेवणाआधी दोन डाव, हा नेम जूनपासून चालू आहे. युरिडियम ज्यावर चालतो तो कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक माझ्याकडे नाही. लॅपटॉपवर त्याची नक्कल करणारा व्हाइस हा प्रोग्रॅम (एम्युलेटर) आणि एका बटणाची जॉयस्टिक, एवढ्यावर भागतं.

१९८६ सालचा हा गेम अँड्र्यू ब्रेब्रुक यांचा. आपलं मांटा नावाचं चिमुकलं यान अजस्र युद्धनौकांच्या पाठीवरून उडतं. नौका एकूण १५. पहिली झिंक, शेवटची युरिडियम.

बऱ्याच शूटरमध्ये पडदा त्याच्या चालीने सरकतो आणि आपण सोबत फरफटतो. इथे वेग आपल्या हातात. काठी पुढे रेटली की सुसाट, मागे ओढली की मंद, ओढतच राहिलं की यान गिरकी घेऊन उलटं फिरतं. मागे लागलेल्या टोळीवर असं वळून तुटून पडण्यातली मजा मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळाली नाही.

पहिले दोन आठवडे मी नुसता भिंतींवर आपटत होतो. मग कळलं, सावली बघायची! सगळा पत्रा एकाच छटेचा, त्यामुळे उंची सांगते ती सावलीच. लांब सावली पडली असेल तर ती भिंत टाळायची. फट अरुंद असेल तर यान कुशीवर करून आत घालायचं.

आणि हे सगळं जेमतेम १ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर! ग्राफिक्सची चिप चित्र ७ पिक्सेलपर्यंतच सरकवते, पुढे पडद्यावरची ‘अक्षरं’, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते छोटे चौकोनी तुकडे, प्रोसेसरने हलवायची. रंगांची मेमरी तर जागची हलवता येत नाही, म्हणजे नौका सरकली की रंगही प्रोसेसरनेच नव्याने भरायचे. नौका एकरंगी ठेवली की ते कामच वाचतं. मला जे देखणेपण वाटायचं, ती काटकसरही आहे.

नव्याने खेळणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी. गेम युरोपातल्या ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या टीव्हीसाठी लिहिलेला, माझा लॅपटॉप ६० हर्ट्झचा. सेकंदाला १० फ्रेम दोनदा दिसायच्या आणि अख्खी नौका थरथरायची. दोन महिने मी गेमलाच दोष देत होतो. मग ५० हर्ट्झ घेणारा टीव्ही जोडला आणि पत्रा तेल लावल्यासारखा सरकू लागला. त्या रात्री जेवण गार झालं.

पाचव्या नौकेपुढे अजून गेलेलो नाही. एम्युलेटरमध्ये डाव मध्येच साठवता येतो, पण ते मी करत नाही. पडद्यावर ‘लँड नाऊ’ (आता उतरा) झळकल्यावर नौकेच्या धावपट्टीवर यान टेकवताना तळहाताला जो घाम सुटतो, तो मला हवा आहे.