फॅक्टरीत एलईडी लावल्यावर सर्टिफिकेट: फॉर्म्युला की मीटर?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याच्या, वीज वाचवल्याबद्दल सर्टिफिकेट देणाऱ्या स्कीममध्ये (2009 पासूनची, एक सर्टिफिकेट म्हणजे साधारण एक मेगावॉट-तास, म्हणजे हजार युनिट बचत) दोन रस्ते ठेवलेले होते, त्यातला लायटिंग फॉर्म्युला अजून चालू आहे का ते आधी बघा. लायटिंग फॉर्म्युल्यात जुन्या-नव्या दिव्यांचे वॅट, वर्षाचे तास, आयुष्य टाकलं की आकडा तयार, मीटर लावायची भानगडच नाही, फक्त 400 वॅटच्या जुन्या हायबेचा (उंच छताला टांगलेल्या मोठ्या दिव्याचा) चोक पण वीज खातो तो धरला का ते बघा, आणि काढलेल्या दिव्यांच्या विल्हेवाटीची पावती जपा, ती लागतेच. दुसरी पद्धत मोजमापाची, आधीचं-नंतरचं मीटरिंग, वर एक्सपर्टची फी, नुसत्या दिव्यांसाठी डोक्याला ताप. पण कॉम्प्रेसर वगैरेपण बदलताय, तर तीच बरी. नियम बदलत राहतात, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी चालू रूल वाचा.