जाहिराती अडवायला ठेवला आणि त्यानेच खिसा कापला

माझे ५,९९७ रुपये गेले. रक्कम कोणाला लहान वाटेल. पण ज्या महिन्यात नव्या लागवडीतली केळीची अकराशे झाडं उपटून बांधाबाहेर टाकावी लागली, त्याच महिन्यात ती गेली, म्हणून फार लागली. आणि ज्या वाटेने गेली ती वाट तुमच्याही लॅपटॉपमध्ये असू शकते, म्हणून सगळं उघड लिहितोय.

आमची शेती यावल तालुक्यात. गेल्या पावसाळ्यात बागेवर सीएमव्ही हा केळीचा रोग आला, आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसले आणि माझी झोप उडाली. रात्री बसून इंटरनेटवर शोधलं. हा विषाणू आहे, मावा ही कीड तो झाडोझाडी नेते, लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही, ते उपटून नष्ट करायचं आणि माव्याचा बंदोबस्त करायचा, हे तासाभरात कळलं. पण त्या तासाने माझी पाठ सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून बातम्या उघडा, हवामान बघा, 'हरण्या सात दिवसांत गायब' म्हणणारी बाटली समोर हजर. तिच्या खाली कर्जाची जाहिरात, दहा मिनिटांत पैसे खात्यात.

मी वाचलेल्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड बसवलेला होता आणि त्याच कंपनीचा कोड बातम्यांच्या पानावरही होता. दोन्हीकडे मला ओळखणारा एकच, म्हणून माझी काळजी इकडून तिकडे पोचली.

आप्पांनी ती बाटली पाहिली. सत्तरीचा माणूस, चाळीस वर्षं केळी केली, आणि मला म्हणाले, "मागवून तर पाहू, दोन हजारांचीच आहे." त्यांच्या डोळ्यांत आशा होती. ज्या रोगाला औषध नाही त्याचं औषध विकणारा बरोबर आमच्याच ओट्यावर येऊन बसतो, याचा मला इतका संताप आला की त्याच रात्री जाहिराती बंद करणारा ब्लॉकर शोधायला बसलो.

ब्राउझरला जोडायचे असे छोटे प्रोग्राम जिथे मिळतात, त्या ब्राउझरच्या दुकानात एकाच तोंडवळ्याचे पाच-सहा ब्लॉकर दिसले. सगळ्यांच्या चिन्हावर ढाल, नावं एकमेकांत मिसळतील अशी. ज्याचे तारे जास्त तो घेतला. बाटली गायब झाली, कर्ज गायब झालं, पंधरा दिवस शांतता होती.

मग एके दुपारी लॅपटॉपवर चौकट आली: तुमचं संरक्षण आज संपतं, पूर्ण आवृत्ती १ रुपयात. खाली क्यूआर कोड. जुन्या बागेची कापणी चालू होती, व्यापाऱ्याची गाडी दारात, मजुरांच्या हाका चालू. मी उभ्या उभ्या मोबाइलने कोड स्कॅन केला. स्क्रीनवर मोठ्या आकड्यात ₹१ होता. त्याच्या खाली फिकट राखाडी, बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: कमाल रक्कम १,९९९, वारंवारता आठवड्याला. मी फक्त मोठा आकडा वाचला आणि पिन टाकला.

तो एक रुपयाचा व्यवहार नव्हता, ती ऑटोपेची, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची संमती होती. यूपीआयमध्ये अशा संमतीला पिन एकदाच लागतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता कापला जाऊ शकतो. आदल्या दिवशी सूचना येते. मलाही आली असणार, पण रिचार्ज आणि ऑफरच्या मेसेजांच्या ढिगात मी ती पाहिली नाही. तिसऱ्यांदा १,९९९ गेले तेव्हा ठिबकच्या नळ्यांचे पैसे द्यायला खातं उघडलं होतं, म्हणून कळलं.

भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. तो रविवारी आला, लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "मामा, याला काय परवानगी दिली ते वाचलं होतं का?" मी पाहिलं. सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. याच ब्राउझरमधून मी बँक उघडतो, मेल उघडतो, शेतीची ऑनलाइन कामं करतो. त्याने आणखी एक दाखवलं. खरेदीच्या साइटवर जाताना मध्येच एक परका पत्ता क्षणभर चमकून जायचा. म्हणजे माझ्या प्रत्येक खरेदीवर कोणीतरी दलाली लावत होता. शोधलेल्या यादीतले पहिले दोन निकालही त्या ब्लॉकरनेच चिकटवलेले होते. रात्री दीडपर्यंत आम्ही दुसऱ्या मशीनवरून एकेक पासवर्ड बदलत बसलो.

मी विचारलं, मग एवढी परवानगी मागणारा प्रत्येक जण चोर का? तो म्हणाला, तसं नाही, जाहिरात काढायची तर पान वाचावं लागतं आणि बदलावं लागतं, प्रामाणिकही जवळपास हेच मागतो. ही गोष्ट माझ्या मनात बसली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षभरासाठी सालदार गडी ठेवताना आपण गावभर चौकशी करतो, आधी कोणाकडे होता, का सोडलं, पगार किती मागतो. कारण विहिरीच्या मोटारीपासून गोठ्यापर्यंत सगळं त्याच्या हाती जाणार असतं. इथे मी त्याहून जास्त हाती दिलं आणि चौकशी केली ती ताऱ्यांची.

हे माझ्या एकट्याचं नाही. एप्रिल २०१८ मध्ये अॅडगार्ड या कंपनीने क्रोमच्या दुकानातले पाच बनावट ब्लॉकर उघडे पाडले. मिळून दोन कोटींहून जास्त जणांनी ते बसवलेले होते. मग गूगलने ते काढले. आणि सुरुवातीला चांगला असलेलाही पुढे बदलतो. २०२० मध्ये नॅनो अॅडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर त्यांच्या कर्त्याने दुसऱ्यांना विकले, आणि नव्या मालकांनी अपडेटमधून असा कोड घातला की लोकांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून आपोआप लाइक जाऊ लागले. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, सालदाराचा मालक बदलला होता. अॅडब्लॉक प्लससारखा जुना, नावाजलेला ब्लॉकरही २०११ पासून काही 'स्वीकारार्ह' जाहिराती मुद्दाम येऊ देतो आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेतो. ते चोरी नाही, त्यांनी जाहीर केलेलं आहे. पण आपल्याकडून काहीच घेत नाही तो कोणाकडून घेतो, हे विचारायला हवं.

मी आता फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन वापरतो. त्याचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे आणि त्याचा कर्ता रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही. नाव पूर्ण बघा, 'ओरिजिन' नसलेला नुसता यूब्लॉक वेगळ्या लोकांचा आहे. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते. दुकानात नाव शोधू नका, प्रकल्पाच्या मूळ पानावरच्या दुव्यावरून जा. आणि आज, हे वाचून झाल्यावर लगेच, यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट उघडून यादी पाहा. ओळखीचं नसेल ते रद्द करा. आमच्या गल्लीत मी अकरा मोबाइल पाहिले, चारांत मालकाला माहीत नसलेली संमती निघाली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. बँकेत साहेब नीट बोलले, पण म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. पैसे आलेले नाहीत. ब्लॉकरच्या पानावर 'गैरवापर कळवा' असा पर्याय असतो, तिथे मी आणि भाच्याने दोन वेळा लिहून पाठवलं. काल रात्री पुन्हा जाऊन पाहिलं. ढालीचं तेच चिन्ह, साडेचार तारे, आणि खाली नव्या माणसाने लिहिलेलं, छान चालतंय.