ग्लायकोसेड की साधे कॉर्नफ्लोअर? जीएसडी-१ए असलेल्या कॉलेजवयीन मुलांसाठी

जीएसडी-१ए (ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, प्रकार १ए) या जन्मजात विकारात यकृतातल्या साठ्यातून रक्तात साखर सोडता येत नाही. त्यावर १९८४ पासून कच्चे कॉर्नफ्लोअर पाण्यात ढवळून ठरलेल्या वेळी देतात. घरी आई-बाबा रात्री उठवून पाजतात तोवर सगळे सुरळीत चालते. हॉस्टेलला गेल्यावर आधी बुडतो तो मध्यरात्रीचा किंवा पहाटेचा डोस. रक्तात लॅक्टेट (साखरेऐवजी मेंदूला वापरता येणारे इंधन) वाढलेले असते आणि मेंदू त्यावर काम भागवतो, त्यामुळे साखर उतरली तरी घाम-थरथर जाणवेलच असे नाही. ‘मला काही होत नाही’ असे मुले म्हणतात ते खरेच असते, पण तेवढ्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि युरिक ॲसिड चढत राहते, पुढे यकृतात गाठी होण्याचा धोका वाढतो.

ब्रिटनच्या व्हिटाफ्लो कंपनीचे ग्लायकोसेड नेमके इथे कामी येते. वॅक्सी जातीच्या मक्याचा, प्रक्रिया केलेला हा स्टार्च ६० ग्रॅमच्या पुडीत मिळतो. मोठ्या मुलांना साधे कॉर्नफ्लोअर साधारण ४ ते ६ तास पुरते, हे बऱ्याच जणांना ७-८ तास पुरते. म्हणजे रात्रभर सलग झोप. या वयात उपचार टिकवायला याहून मोठे आमिष नाही, आणि आमच्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. मात्र सर्वांना ते सारखे लागू पडत नाही. आधी देखरेखीखाली, तासातासाला साखर मोजून, ती ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर किती वेळ राहते हे पाहावेच लागते. गजर लावायचा तो त्या वेळेच्या आधीचा. दिवसा साधे कॉर्नफ्लोअरच बरे, ते स्वस्तही आहे.

करण्याची रीत दोन्हींची सारखीच: गार पाणी, लगेच ढवळणे, लगेच पिणे. स्टार्च तळाशी बसतो, म्हणून ग्लास विसळून तेही प्यायचे, नाहीतर डोस कमी पडतो. गरम पाणी किंवा गरम दूध घातले की स्टार्च शिजतो, झटकन पचतो आणि दोन-तीन तासांत साखर कोसळते. साखर घातली तर इन्सुलिन उसळते. लिंबू पिळू नये.

दुकानातला घोळ वेगळाच. ‘मक्याचे पीठ’ मागितले तर भाकरीचे पिवळे पीठ हाती पडते, ते चालत नाही. कस्टर्ड पावडर आणि आरारूटही नको. पांढरे, बिनस्वादाचे कॉर्नफ्लोअरच घ्यावे आणि एकदा जमलेला ब्रँड बदलू नये. सपाट मोठ्या चमच्यात जेमतेम ८ ग्रॅम मावते. ५० किलो वजनाला साध्या कॉर्नफ्लोअरचा एक डोस ८५ ग्रॅम किंवा जास्तही असू शकतो, त्यामुळे चमच्यांचा हिशेब सोडून डिजिटल काटा घ्यावा.

सुरुवातीला पोट फुगते, जुलाब होतात. मुले इथेच सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. वजन भराभर वाढू लागले तर डोस जास्त होतो आहे का, हे आहारतज्ज्ञांना दाखवावे. वजन करणे, गजर लावणे आणि सीजीएमचा (अंगावर लावून सतत साखर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचणे बारावीच्या आधीच मुलाच्या हातात द्यावे. हॉस्टेलच्या कपाटात ग्लायकोसेडसोबत साध्या कॉर्नफ्लोअरचा बंद डबा हवाच, कारण पुड्या संपल्या की मुले सरळ तो डोसच गाळतात.