हार्टलँड की कॉर्निश-विंडसर?

छताचा लाकडी पूल पाहायचाच, तर दोन नावं हमखास पुढे येतात. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधला हार्टलँडचा पूल जगात सर्वांत लांब, तब्बल 391 मीटर! पण 1901 साली तो खुला झाला तेव्हा त्यावर छप्पर नव्हतं. 1920 मध्ये बर्फाने दोन गाळे मोडले आणि दुरुस्तीच्या वेळी त्याला छत मिळालं.

कॉर्निश-विंडसरचा पूल अमेरिकेत, कनेटिकट नदीवर, 1866 चा. लांबी सुमारे 137 मीटर, म्हणजे हार्टलँडच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तरी माझं मन इथेच अडकतं. जाड तुळया तिरप्या टाकून, खाचा पाडून एकमेकींत बसवलेल्या. आत उभं राहिलं की दोन्ही बाजूंना लाकडाची भक्कम जाळी. छप्पर शोभेचं नाही: पाऊस-बर्फ तुळयांवर साचला तर त्या कुजतात. आणि प्रवेशाशी ती जुनी पाटी: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दौडत्या घोड्यांचे हादरे पुलाला सोसवत नसत.

लांबीचं अप्रूप असेल तर हार्टलँड गाठा. सुतारकाम जवळून न्याहाळायचं असेल, तर कॉर्निश-विंडसरच.