डीसी क्लॅम्प मीटर: आठ महिन्यांचा वापर, आधीच्या मालकाचं निस्तरताना

जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाची सगळी थातुरमातुर कामंही आपल्याच गळ्यात पडतात, आणि त्यात सगळ्यात छळतं ते वायरिंग, कारण पत्रा गंजलेला निदान डोळ्याला दिसतो पण काळ्या टेपच्या आत काय चाललंय ते कळत नाही. माझी गाडी कार्ब्युरेटरच्या काळातली, इंजिन ठणठणीत, पण आधी ज्यांच्याकडे होती त्यांनी (एकाने की तिघांनी देव जाणे) वायरिंगमध्ये जे काही करून ठेवलंय ते मी गेले आठ महिने एकेक करून काढतोय. या कामात ज्या वस्तूने मला खरोखर हात दिला ती म्हणजे डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा बसवून करंट मोजणारा मीटर), म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, घेताना "डीसी करंट" असं स्पष्ट लिहिलंय का ते बघाच. घरच्या वायरिंगसाठी मिळतात ते बरेचसे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, गाडीच्या वायरला लावले की शून्यच दाखवणार. डीसीवाल्याच्या जबड्यात हॉल सेन्सर असतो, तो वायरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतो, त्यामुळे वायर न कापता, बॅटरी न सोडवता करंट कळतो. आणि लहान रेंज पाहिजे, माझ्या मीटरला ४ अँपिअरची रेंज आहे, नुसती ४०० वाली रेंज असेल तर बॅटरी कुठे गळतेय हे शोधायला तिचा काही उपयोग नाही.

पहिलं काम तेच होतं. गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारायचा बंद. आधीच्या मालकाने त्यावर उपाय म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हला खटका बसवला होता, रोज रात्री बॉनेट उघडून बंद करायचा! म्हणजे आजार तसाच ठेवायचा आणि पेशंटला झोपवायचं, मला असल्या कामाचा मनापासून राग येतो. गाडी पूर्ण बंद करून निगेटिव्ह केबलला क्लॅम्प लावला तर ३८० मिलीअँपिअर. ५० च्या आत असायला पाहिजे आणि माझ्या गाडीत घड्याळ सोडून रात्री काहीच चालू नसतं. ४५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, हिशेब करा, पाच दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी हात वर करणार.

मग फ्यूज. इथे एक युक्ती सांगतो, फ्यूज एकेक उपटायची गरज नाही. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही पिना तिथे टेकवायच्या. करंट वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर थोडंसं काहीतरी दिसणारच, कारण फ्यूजलाही स्वतःचा रेझिस्टन्स असतो. सगळीकडे शून्य आणि आतल्या दिव्याच्या १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर १.८ मिलिव्होल्ट. छताच्या दिव्याची वायर कायम लाईव्ह असते, तिच्यावर कोणीतरी म्युझिक सिस्टिमच्या अँप्लिफायरची वायर जोडून दिली होती, म्हणजे अँप्लिफायर रात्रंदिवस जागा. ती वायर चावीच्या लाईनवर घेतली, आता १२ मिलीअँपिअर. खटका काढून टाकला. (तुमची गाडी नवीन, कॉम्प्युटरवाली असेल तर लॉक करून अर्धा तास तरी थांबा मग मोजा, सगळी युनिट्स झोपायला वेळ लागतो.)

आता जे मला या मीटरबद्दल खरं सांगायचंय ते. करंट मोजण्याइतकाच मला याचा उपयोग झाला तो लोड (म्हणजे दिवा, मोटर वगैरे) चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट कमी होतात ते बघायला, आणि ते कोणत्याही बऱ्या मल्टिमीटरने होतं, पण क्लॅम्प असला की त्याच जागी करंटही दिसतो आणि दोन्ही आकडे एकत्र बघितले की गोष्ट उलगडते. माझे हेडलाईट पिवळट मंद होते. बल्बमागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून पिन लावली तर १२.४ व्होल्ट, बॅटरीइतकेच. बऱ्याच जणांचं इथेच फसतं, व्होल्टेज पूर्ण आलंय म्हणजे वायर चांगली, बल्बच खराब, मग बल्ब बदलत बसायचं. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच केस शिल्लक असला तरी मीटरवर पूर्ण १२ दिसतात. कपलर परत लावून, हायबीम चालू ठेवून, कपलरच्या मागून बारीक पिन घालून मोजलं तर १०.४! दोन व्होल्ट वाटेत गायब. आणि हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो, इथे तर १६ टक्के कमी होतं.

क्लॅम्प लावला तर दोन्ही हायबीम मिळून १५ अँपिअर. साधे ६०/५५ वॉटचे (हायबीम/लोबीम) बल्ब १० च्या आसपास घेतात. म्हणजे उजेड कमी पडतोय म्हणून आधीच्या मालकाने १००/९० चे बल्ब टाकले, त्याने करंट वाढला, जुन्या बारीक वायरीत ड्रॉप आणखी वाढला, फ्यूज उडायला लागला, म्हणून तिथे ३० चा हिरवा फ्यूज खोचला. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नाही, सगळा करंट स्टीअरिंगच्या खटक्यातून. ही गोष्ट मी हलक्यात घेऊ शकत नाही, फ्यूज वायर वाचवायला असतो, वायर १५ ची आणि फ्यूज ३० चा म्हणजे काही झालं की आधी वायर जळणार आणि ती डॅशबोर्डच्या आत जळणार.

ड्रॉप नेमका कुठे आहे ते शोधायला तुकड्या तुकड्याने मोजत गेलो, बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते खटका, खटका ते कपलर. १.१ व्होल्ट फक्त एका जॉइंटवर सापडले, बॅटरीच्या पाठीमागे टेपच्या गुंडाळीत. टेप सोलली तर गोंदाचा चिकट काळा लगदा हाताला लागला, आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन ठेवलेल्या, तांबं हिरवं पडलेलं, बोटाने हलवलं तर एका वायरीचे तीन-चारच केस शाबूत, बाकीचे तुटून पावडर झालेले. आणि बाहेरून हात लावला तेव्हा गरम लागत होतं ते का, तेही कळलं. आता रिले, नवीन २.५ स्क्वेअरची वायर, १५ चा फ्यूज, कंपनीचे वॉटचे बल्ब, जॉइंटला नीट क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वरून आत गोंद असलेली श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी). बल्बवर आता ०.३ चा ड्रॉप. रस्ता दिसतो.

दुसरा किस्सा अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या रस्त्याचा. सेल्फ जड फिरायचा, आणि ॲक्सिलरेटरची केबल गरम व्हायची, हे वाचून विचित्र वाटेल पण कारण सरळ आहे. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजलं तर १.४ व्होल्ट, असायला पाहिजेत ०.२ च्या आसपास. गिअरबॉक्स कधीतरी उतरवताना इंजिनची अर्थची पट्टी परत लावलीच नव्हती, तिच्या जागी एक पातळ वायर, तीही रंगावर आवळलेली. सेल्फचा शंभराच्या वरचा करंट परत जायला रस्ता शोधत होता आणि त्याला ॲक्सिलरेटरची केबल सापडली. रंग खरवडून चकचकीत पत्रा केला, जाड पट्टी लावली, ०.०८ आले.

मीटरच्या तक्रारीही सांगतो. मिलीअँपिअरच्या रेंजमध्ये शून्य स्थिर राहत नाही, मीटर नुसता फिरवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने १०-२० चा फरक पडतो, म्हणून ज्या दिशेने धरणार त्याच दिशेने धरून, जबडा रिकामा बंद करून झिरोचं बटण दाबायचं आणि मगच वायर आत घ्यायची. दर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि चालू केला की झिरो परत करावा लागतो, बॅटरीची गळती बघताना याचा फार त्रास. सोबत आलेल्या पिना बोथट आहेत, कपलरच्या मागून जात नाहीत, बारीक पिनांचा सेट वेगळा घ्यावा लागला. वायरीचं प्लास्टिक टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी जाऊन आतलं तांबं हिरवं होतं आणि मग आपणच पुढच्या मालकासाठी तेच करून ठेवतो. जबडा जाड आहे, फ्यूज बॉक्सच्या मागे शिरत नाही. आणि एका वेळी एकच वायर आत घ्या, जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही घेतल्या तर एकमेकींना रद्द करून शून्य दाखवतात.

व्होल्टेजचे आकडे मात्र भरवशाचे निघाले, दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघितले, ०.०१ चा फरक. पाचपैकी चार देतो, एक कापला तो आपोआप बंद होण्याचा. अजून मागचा डावा इंडिकेटर ब्रेक दाबला की मंद होतो, त्या दिव्याचा अर्थ कुठे आवळलाय ते बघायला या रविवारी डिकीचं पॅनेल उघडणार आहे.