जुनी जीटी ८६ वळणावर स्थिर करताना: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा "गाडीवर बराच खर्च केलाय" असं सांगतो, तेव्हा तो बहुधा खरंच सांगत असतो. माझ्या २०१४ च्या टोयोटा जीटी ८६ वरही खर्च झालेला होता. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मागे जाडजूड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा), बॉनेटखाली दोन्ही बाजू जोडणारा लाल रंगाचा स्ट्रट ब्रेस, आणि या सगळ्या थाटाखाली दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्तातले टायर. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी अजिबात न कलता वळायची. पण मी राहतो मँचेस्टरजवळ, आणि इथे कोरडा आणि गुळगुळीत रस्ता एकाच दिवशी मिळणं कठीण. मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा कॅट अँड फिडलचा रस्ता बऱ्याच जणांना माहीत असेल. सगळीकडे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, मर्यादा ताशी ५० मैलांची. त्या मर्यादेतसुद्धा वळणाच्या मध्यावर एखादा उंचवटा आला की गाडीची पाठ एकदम बाहेर सरकायची आणि हात आपोआप स्टिअरिंग उलटं फिरवायला धावायचे. गंमत म्हणून एकदा ठीक आहे. शेजारी बायको बसलेली असताना नाही.

ही गाडी मुळातच थोडी चंचल आहे, हेही सांगायला हवं. पुढे बसक्या बांधणीचं बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना, ती दोन चाकांत वाटणारं टॉर्सन डिफरन्शियल, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून जेमतेम ४६ सेंटिमीटरवर. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या टीमने मुद्दाम जास्त पकडीचे टायर दिले नाहीत. मूळचे मिशेलिन प्रायमसी, २१५/४५ आर १७, म्हणजे शांत कौटुंबिक गाडीला शोभणारे. हेतू हा की कमी वेगातही गाडी घसरावी आणि चालवणाऱ्याला मजा यावी. हिचंच जुळं भावंड सुबारू बीआरझेड. पहिल्या पिढीत तिच्या पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक आणि मागच्या थोड्या मऊ होत्या, त्यामुळे वळणात तिचं नाक बाहेर सरकतं, तर जीटी ८६ शेपूट हलवते. अशा गाडीला मागे आणखी कडक बार लावायचा म्हणजे आधीच बडबड्या माणसाच्या हातात माईक देणं.

सुरुवात टायरपासून केली. मूळ मापातच चारही मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ घातले. रुंदी वाढवली नाही, कारण मूळ रिमवर जास्त रुंद टायर चढवला की त्याची बाजू फुगते आणि स्टिअरिंगचं उत्तर उशिरा येतं. फरक पहिल्याच ओल्या रस्त्यावर कळला. ब्रेक दाबून वळणात शिरताना पुढची चाकं आता काय करताहेत ते हाताला सांगतात. आधी नुसतं सांत्वन करायची. हवा दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे ३५ पीएसआय, तीही थंड टायरमध्ये मोजून. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर ते टायरवर घालवा आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण उंचवट्यावर पाठ सरकण्याचा प्रकार टायर बदलूनही पुरता गेला नाही. टायरवाल्यानेच अलाइनमेंट करून दिली होती, सगळे आकडे हिरव्या रंगात, "टॉलरन्समध्ये आहे" असा शेराही. कागद नीट वाचला तेव्हा दिसलं की मागचं डावं चाक किंचित बाहेर वळलेलं आणि उजवं किंचित आत. दोन्ही आकडे कंपनीच्या मर्यादेत बसतात, म्हणून हिरवे. गाडीला मात्र ते मंजूर नसतं. मागचं बाहेरचं चाक भाराखाली दबलं की सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुशांचं रबर आणखी थोडं वळतं, आणि मुळात टो-आउट (चाकाची पुढची कड बाहेर) असेल तर चाक गाडीची पाठ वळणाबाहेर न्यायला मदतच करतं. डाव्या आणि उजव्या वळणांत गाडी वेगवेगळी का वागते, याचं उत्तर त्या कागदावरच होतं.

मग फक्त सस्पेन्शनची कामं करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. त्या माणसाने मला सीटवर बसवून, अर्धी टाकी पेट्रोल भरून मापं घेतली. मागे दोन्ही चाकांना समान, मिळून १२ मिनिटं टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा आत (ही कोनाची मिनिटं, ६० मिनिटांचा एक अंश). पुढे टो शून्य. मागचा टो या गाडीत जागेवरच जुळवता येतो. मागच्या कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) मात्र बाहेरून घेतलेले आर्म लागतात, ते मी घेतले नाहीत. पुढच्या कॅम्बरसाठी स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब) आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणारा वरचा बोल्ट काढून त्याजागी किंचित बारीक बोल्ट घातला, म्हणजे भोकात जी मोकळीक मिळते तेवढं चाक वरून आत कलवता येतं. खर्च किरकोळ. पुढे साधारण दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर मिळाला. कंपनीतून येताना तो जवळपास शून्यच असतो, म्हणून वळणात पुढचा टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि आतला भाग नुसता फिरतो.

हे काम झाल्यावरची गाडी आणि आधीची गाडी यांत जितका फरक पडला, तितका नंतरच्या कुठल्याच खर्चाने पडला नाही.

आता अँटी-रोल बार. याबद्दल लोकांचे समज फार घट्ट असतात. गाडी कलली म्हणजे पकड कमी आणि कलणं थांबवलं म्हणजे पकड वाढली, असं धरून चालतात. हिशेब करून पाहा. माणसासकट गाडी १३०० किलो, गुरुत्वमध्य ०.४६ मीटर उंच, दोन चाकांतलं अंतर सुमारे १.५३ मीटर. ०.९ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराच्या) वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण ३५० किलो भार सरकतो. बार कितीही कडक लावा, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. बार फक्त एवढंच ठरवतो की त्यातला किती वाटा पुढचा टायर उचलणार आणि किती मागचा. मागे कडक केलं की मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त ओझं येतं. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणजे मागच्या जोडीची एकूण पकड घटते. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ मिलिमीटरच्या जागी १६ चा घातला तर फरक दोन मिलिमीटरचा दिसतो, कडकपणा मात्र ७० टक्क्यांनी वाढतो.

टॉर्सन डिफरन्शियल असलेल्या गाडीत याचा आणखी एक तोटा. टॉर्सन कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क झेपतो त्याच्या काही पट दुसऱ्या चाकाला देतो. कडक बारमुळे आतलं मागचं चाक जवळजवळ उचललं गेलं की त्याला झेपणारा टॉर्क शून्याकडे जातो, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. मग आतलं चाक नुसतं गरगरतं. उल्टन पार्क या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला गेलो होतो तेव्हा लॉज नावाच्या उजव्या वळणातून बाहेर पडताना हेच व्हायचं. जाड बार काढून मूळचा लावला, आणि पुढच्या खेपेला त्याच जागी पेट्रोल लवकर देता आलं. गाडी कलते जास्त, पण निघते लवकर. सोबतचा मित्र बाहेरून बघून म्हणाला, "अरे, होडीसारखी झुकतेय." झुकू दे.

स्प्रिंगांचा निर्णय घ्यायला जास्त वेळ लागला, कारण खाली बसलेली गाडी दिसायला छान दिसते हे मान्य करायलाच हवं. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी खाली आणली की खालचे आर्म आडवे होतात किंवा चाकाकडे वर चढतात, आणि त्याबरोबर रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं, गाडीला कलायला जास्त लांब तरफ मिळते, आणि कडक स्प्रिंगने कमावलेल्यातलं बरंच तिथे जातं. शिवाय पुढे-मागे दोन्हीकडे डॅम्परला (शॉक ॲब्सॉर्बरला) दबायला जागा कमी उरते. उंचवट्यावर मागचा डॅम्पर बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी अडवणुकीला) टेकला की त्या चाकाची स्प्रिंग क्षणार्धात दगडासारखी होते. उंचवट्यावर पाठ सरकण्याचं उरलेलं कारण हेच निघालं.

मूळ स्प्रिंगा जवळपास फुकटात मिळाल्या, कारण जो तो त्या काढून अडगळीत टाकतो. त्यांच्याबरोबर चांगले मोनोट्यूब (एकाच नळीचे) डॅम्पर नवे घेतले. सगळ्यांत मोठा खर्च तोच. पैसे वसूल झाले का? रस्त्यावर हो. स्नेक पासवर, जिथे डोंगर खचल्यामुळे डांबर जागोजागी लाटांसारखं झालंय, तिथे गाडी आता एकदा दबते, एकदा उठते आणि शांत होते. ट्रॅकवर वेळेत फरक जाणवला नाही. उल्टन पार्कच्याच ड्रुइड्स या लांबलचक वळणात मात्र आतल्या कडेला गाडी जिथे दोनदा टेकते त्या दोन बिंदूंमध्ये स्टिअरिंग स्थिर धरता येतं. आधी तिथे तीनचार दुरुस्त्या कराव्या लागायच्या. हे बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. उंची बदलली की सगळे कोन बदलतात.

स्ट्रट ब्रेस अजून तसाच आहे. काढला काय, ठेवला काय, मला फरक कळला नाही. लाल रंग चांगला आहे.

तोटेही आहेत. पुढचे टायर आतल्या कडेला थोडे जास्त झिजताहेत. तो दीड अंशाचा हप्ता समजायचा. मोटरवेवर डॅम्परमुळे छोटे सांधे जास्त जाणवतात. विमा कंपनीला डॅम्पर कळवले, हप्ता थोडा वाढला. इंग्लंडमध्ये बदल लपवून क्लेमच्या वेळी हात चोळत बसण्यापेक्षा ते परवडतं. मागच्या सीटबद्दल विचारू नका, आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने त्या जागेला "पिशवी ठेवायची फळी" म्हटलं आणि पुढे बसली.

पुण्यातल्या एकदोघांनी विचारलंय की हे पोलो किंवा व्हर्टसला लागू पडेल का. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत बारचं गणित उलटं होतं. तिथे मागचा बार थोडा कडक केल्याने नाक वळायला मदत होते, फक्त पावसाळ्यात ताम्हिणीच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलायचा नाही. टायर आणि अलाइनमेंटचा भाग जसाच्या तसा लागू. प्रिंटआउट हिरवी आहे म्हणून खूश होऊ नका, डाव्या-उजव्या बाजूचे आकडे सारखे आहेत का ते आधी बघा.

आता यादीत फक्त ब्रेक फ्लुइड आणि मागच्या सबफ्रेमचे बुश उरलेत. बुश थंडी संपल्यावर.