भारत गृह रक्षा पॉलिसी: पावसाळ्याआधी घेण्यासारखी आहे का?

नाशिकला गोदावरीच्या पुराचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती, त्याच्या छातीला पाणी लागलं की सगळ्या ग्रुपवर गोदाघाटाचे व्हिडिओ सुरू होतात आणि मग कोणीतरी विचारतंच, घराचा इन्शुरन्स असतो का हो. असतो, पण पाणी दारात आल्यावर काढलेली पॉलिसी त्या पुराला कामाची नाही, म्हणून मी मे मध्येच ऑनलाइन घेऊन टाकली. ही एका कंपनीची स्कीम नाहीये, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १ एप्रिल २०२१ पासून आणलेली स्टँडर्ड पॉलिसी आहे, म्हणजे मूळ कव्हर सगळीकडे सेम, फरक प्रीमियमचा आणि सर्व्हिसचा. मला तर हजाराच्या आत पडली.

आग, पूर, वादळ, वीज पडणं, भूकंप, सगळं बेसिकमध्येच आहे. नाशिकला कसलं आलंय चक्रीवादळ म्हणणाऱ्यांनी जून २०२० चं निसर्ग आठवा, लागलं अलिबागकडे पण त्या रात्री इकडे पण वारं-पाऊस होताच की.

आता मेन गोष्ट, सम इन्शुअर्ड, म्हणजे किती रकमेचा विमा काढायचा ते. फ्लॅटचा बाजारभाव टाकायचा नाही, जमिनीची किंमत यात येतच नाही, फक्त परत बांधायला किती लागेल ते. समजा कार्पेट ७०० स्क्वेअर फूट आणि बांधकाम २२०० रुपये फूट, तर झाले १५ लाख ४० हजार. त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ८ हजार, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात, यादी द्यायची गरज नाही (लिमिट १० लाख). फ्रिज, कपाट, गाद्या आल्या त्यात. दागिने मात्र नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं, आणि गाडी तर याच्यात धरूच नका, ती मोटर पॉलिसीत. अजून एक भारी गोष्ट म्हणजे सम इन्शुअर्ड थोडी कमी पडली म्हणून क्लेममधून त्या प्रमाणात कापत नाहीत, जुन्या फायर पॉलिसीत हीच कटकट होती.

निराशा कुठे झाली सांगू का, गच्चीच्या गळतीत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं खरं दुखणं तेच, पण हळूहळू झिरपून ओल धरलेली भिंत म्हणजे मेन्टेनन्स, ते तुमचं तुम्ही बघा. नुसता शॉर्ट सर्किट होऊन टीव्ही गेला तरी तेच. विकताना हे कोणी स्वतःहून बोलत नाही, मी चॅटवर तीनदा विचारलं तेव्हा कुठे नीट उत्तर आलं.

होम लोनवाल्यांनी बँकेने गळ्यात मारलेला कागद आधी उघडून बघा, बऱ्याचदा तो लोन प्रोटेक्ट म्हणजे जीवन विमा निघतो, घराचा नाहीच. आणि असलाच घराचा तर सामान धरलंय का ते विचारा.

पाचपैकी चार स्टार. गळतीचा अ‍ॅड-ऑन कोणी देत असेल तर कळवा, आमची अख्खी सोसायटी घेईल.